समोरच्या खिडकीपर्यंत

हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी गरमागरम डंपलिंग खाल्ले नाहीत तर थंडीनं कान गळून पडतात, असं युएझेनच्या घरी मानत. लेक शिआओमान समोरच्याच इमारतीत राहायची. तिची खिडकी स्वयंपाकघरातून दिसायची, म्हणून तर युएझेननं हे घर घेतलं होतं.

तेव्हा मधे एक गल्ली होती. मग शहर आपले रस्ते आपणच आखू लागलं. गाड्या खोळंबल्या की ते चौक बुजवून टाकायचं आणि रस्ता सरळ शहराबाहेर न्यायचं. गल्लीच्या जागी आता दोन भिंतींमधून अखंड धावणाऱ्या गाड्या होत्या.

आज तोच सर्वांत लहान दिवस होता, आणि पलीकडे लेकीकडे जायला युएझेन डंपलिंगचा डबा मांडीवर घेऊन बिनचालकाच्या टॅक्सीत बसली होती. बाहेर शेतांत नव्या इमारती उठत होत्या.

फोन वाजला. "आई, कुठं पोचलीस?"

"अगं, अजून वळणच येत नाहीये."

"आणि डबा?"

तिनं झाकणावर हात ठेवला. "गार झाला."

"मग घरी जा. खिडकीत तरी दिसशील."

युएझेननं टॅक्सीला मागे फिरायला सांगितलं.

"तुम्ही आलात तो रस्ता आता नाही," टॅक्सी नम्रपणे म्हणाली. "तुमच्या घराकडे जाणारा रस्ता सध्या सापडत नाही. आपण पुढे जात आहोत."

फोन चालूच होता. टॅक्सीचं बोलणं शिआओमानला ऐकू गेलं नव्हतं.

"आई, स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिलाय तुझा. इथून दिसतोय."

"असू दे," युएझेन म्हणाली. "तू बघत बस."