अंडी उद्या फोडू

ओव्हनच्या भांड्यात कांदा-टोमॅटोचा झणझणीत मसाला पसरून भास्करराव त्यावर अंडी फोडणार, तोच दारावरची बेल वाजली.

बायको वारल्यावर, पूर्वी तिच्यासोबत टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींनी या अबोल, पुस्तकात डोकं खुपसून बसणाऱ्या माणसाला रोज सकाळी ओढून बाहेर काढलं होतं. त्यांचे आभार मानायचे म्हणून भास्कररावांनी आज सगळ्यांना खायला बोलावलं होतं. आपल्याला जमेल का, या धास्तीने त्यांना धड झोपही लागली नव्हती.

"अगंबाई, अंडी?" मंडळींबरोबर आत आलेल्या गुप्तेबाई ओट्याशी थबकल्या. "भावोजी, आज संकष्टी! आमचे सगळ्यांचे उपास. आम्हाला वाटलं, फराळाचं करताय."

भास्कररावांचा चेहरा पडला. कॅलेंडर बघायचं काम कायम बायकोचं. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. आता मंडळी चहा घेऊन निघणार, हे त्यांना दिसतच होतं.

"त्यात काय एवढं? मसाला फ्रिजमध्ये ठेवा, अंडी उद्या फोडू," कर्णिक बाह्या सरसावत म्हणाले. "बटाटे आहेत ना? कीस करू."

कोणी किसणी शोधली, कोणी दाणे भाजायला घेतले. किती तरी महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात गलका झाला.

"उद्या येतो हं," निघताना गुप्तेबाईंनी दटावलं. "आणि आम्हाला घाबरून तिखट कमी करू नका!"

दार लावल्यावर भास्कररावांच्या लक्षात आलं, आभार मानायचे राहूनच गेले. त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही. उद्या सगळी मंडळी पुन्हा येणार होती.