तेलाचा वास
दर गुरुवारी पितरांसाठी कणकेचे बोरसोक तेलात तळायचे. मेलेली माणसं त्या वासावरच जेवतात. पण हृदयविकाराने सासरा गेला, तेव्हापासून ऐजार्किन आरोग्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायची. या गुरुवारी तिने घरातलं सगळं तेल शेजारणीला देऊन बोरसोक भट्टीत भाजले. “मेलेल्यांना कुठला येतोय गं अटॅक?” सासू कडाडली. “माझा म्हातारा दारातून उपाशी परत जाईल!” “तुमचा लेक तरी जगेल, आई.” दुसऱ्या दिवशी सकाळी ऐजार्किन बघते तर पुस्तक चुलीपाशी उघडं पडलेलं, पानावर तेलकट पंजा उमटलेला, चारच बोटांचा. सासऱ्याची करंगळी लोकर कातरायच्या यंत्रात गेली होती. पंज्याखालची ओळ तिने वाचली: “डावा हात दुखून घाम फुटला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.” तेवढ्यात नवरा डावा दंड चोळत आला. “रात्री हात अवघडला वाटतं.” बाहेर बर्फ होता; त्याचं कपाळ घामाने डबडबलेलं.