सावलीतली जागा

सेवेन पर्वतरांगेच्या पायथ्याशी असलेल्या त्या शेतावर तंबूसाठी दोनच जागा उरल्या होत्या. एक नदीकाठी, पॉपलरच्या गर्द सावलीत. दुसरी वर, उघड्या माळावर. सोलांजने अर्थातच सावली पकडली. तंबू ठोकून ती पाण्यात पाय सोडून बसते न बसते तोच एक तरुण जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं आणि निमूटपणे माळाकडे चालू लागलं.

"एवढंसं पोर उन्हात भाजून निघेल गं," म्हणत तिचा नवरा रेजिस त्यांच्यामागे वर गेला. परत आला तो जागांची अदलाबदल करूनच.

"मन तुझं मोठं, आणि चटके माझ्या पाठीला!" सोलांज फणकारली. रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपली.

पहाटे आरडाओरडा ऐकून तिला जाग आली. माळावर थेंबही पडला नव्हता, पाऊस वर डोंगरात झाला होता. खाली पॉपलरच्या निम्म्या खोडापर्यंत गढूळ पाणी घोंघावत चाललं होतं. त्या जोडप्याचा तंबू कुठेच नव्हता.

रेजिस माळाच्या कडेला उभा होता. तिने धावत जाऊन त्याचा हात घट्ट धरला. "तुला कसं कळणार होतं रे? तू तर त्यांचं भलंच करायला गेलास."

"तो नको म्हणत होता, सोलांज," पाण्यावरची नजर न काढता रेजिस म्हणाला. "नदीची भीती वाटते म्हणाला. मी हसलो त्याला."