उजवीकडची तार

"अगं, उलटी झाली वही!" दादा ओरडलाच. वह्या बांधायचं मशीन सकाळीच घरी आलं होतं आणि माझी पहिली वही नुकतीच हातावेगळी झाली होती. पुठ्ठ्यावर जुन्या पडद्याचं कापड, आत जाड कागद, तार मात्र उजवीकडे. "पहिल्याच घासाला खडा! मशीन कसं चालवायचं ते वाचायचं नाही, दिसेल तिथे भोकं पाडत सुटायचं." मला तोंड उघडू न देता तो पक्कड घेऊन तार फाकवायलाच बसला. माझं डोकंच फिरलं. वही हिसकावली, त्याच्यापुढे उघडून आपटली, पेन मुठीत कोंबलं. "आधी एक ओळ लिही, मग अक्कल शिकव." ओळ संपायच्या आतच त्याचं मनगट तारेवर अडलं. "टोचतंय गं!" पेन मी डाव्या हातात घेतलं. "मला शाळेपासून टोचतंय, दादा. तेव्हा तूच सांगायचास ना, 'हात बदल'? बदल आता!"