उंबराचं पाणी

लग्नाआधी उंबराचं पाणी आणायची रीत उत्तनच्या आर्थरच्या गल्लीत अजून कोणी मोडलेली नाही. बायका लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर येतात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी भरून नेतात. पण बाकीच्या विहिरी बुजवून त्यांवर बंगले उभे राहिले. आता गोड्या पाण्याची विहीर उरलीय ती एकट्या आर्थरची. विहिरीभोवतीची वाडी विकायची नाही, विहीर बुजवायची नाही, असा कागदच म्हाताऱ्या आर्थरनं वीस-बावीस वर्षांपूर्वी कायमचा करून ठेवलाय.

आजही बँड वाजत आला. आर्थरनं सकाळीच विहिरीचा काठ घासून ठेवला होता, इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकांनी खाली मानेनं घागरी भरल्या. नवरीचा बाप तर फाटकाबाहेरच, पाठ करून उभा राहिला. सगळे गेले. एक बँडवाला तेवढा पाणी प्यायला मागे थांबला.

"काय गोड पाणी आहे, अंकल! तुम्ही नाय चालले लग्नाला?"

"बोलावणं न्हाय."

"विहीर तुमची, आणि तुम्हालाच बोलावणं नाय?"

"फाटकाबाहेर उभा होता ना, तो माझा पोरगा. विहीर बुजवायची न्हाय म्हणून मी कागदावर सही केली तवापासून बोलत न्हाय. 'कोणासाठी राखतोस ही विहीर?' म्हणून भांडला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

आर्थरनं ओला दोर गुंडाळून रहाटावर ठेवला.

"तवा त्याच्या कडेवर त्याची पोर होती. तिच्याकडं बोट दाखवलं. आज तिचंच लगीन हाय."