मूठभर कोंडा

"मागं वळून बघू नका," सुईण म्हणाली. महिपतीने तापाने फणफणलेल्या तान्ह्या लेकीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि तो घराकडे चालू लागला.

"कुणाची गं बाई ही पोर?" सुईण ओरडली. "कुणाची नसेल तर मी घेते!" मागूनच तिने पोरीचं मोल म्हणून त्याच्या हातात मूठभर कोंडा दिला. पोर आता तिची झाली, नावही कोंडी पडलं.

अशा तापावर गावात हेच औषध होतं. बाळंतपणात गेलेली आई लेकरू न्यायला येते. ते त्या घरचं उरलं नसेल, तर परत जाते. "ती विचारील. तुम्ही पोर आपली म्हणालात, की ती गेली," सुईणीने बजावलं होतं.

दिवेलागणीला महिपती कोंड्याची मूठ मिटून उंबऱ्यावर बसला. इतके दिवस बायकोच्या ज्या आवाजासाठी तो झुरत होता, तो अंगणातून आला.

"अहो, माझी बाळी कुठाय?"

महिपतीने मूठ आवळली. "इथं कुणाची बाळी नाही."

"असं काय करता? नाक तुमच्यासारखंच आहे की तिचं."

"विकली." त्याने मूठ उघडून दाखवली.

वारा नव्हता, तरी कोंडा तळहातावरून उडून गेला. समोर सुईणीच्या घरात पोर भुकेने रडू लागली. कितीतरी दिवसांनी तिने दूध मागितलं होतं.

"बरं झालं," अंगणातून ती हळूच म्हणाली. "आणि तुम्हाला कुणी घेतलं का विकत?"

"नाही," म्हणत महिपती उठला आणि अंधारात वहाणा चाचपू लागला.