अकरा एकांना भाग

"झाला का हो भाग?" चुलीपुढून विमलाबाईंनी विचारलं.

"बाकी उरते," पाटीवरून मान वर न करता किसनराव मास्तर म्हणाले.

सत्त्याहत्तर साली त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, गुलाबनं, बौद्धपुऱ्यातल्या प्रेमदासशी लग्न केलं आणि दोघं भिलाईला निघून गेली. तेव्हा मास्तर केळझरच्या भररस्त्यात ओरडले होते, "अकरा एकांच्या आकड्याले भाग जाईन ना, तवाच या घरात येजो!"

एकापुढे एक असे अकरा एक मांडून होणारी ती संख्या त्यांनीच पोरीला लहानपणी दाखवली होती. तिला तीननं भाग जात नाही, सातनं नाही, अकरानंही नाही. कशानंच जात नसावा, असं दोघं बापलेक मानत.

आणि दुसऱ्याच दिवशी मास्तर पाटी घेऊन भागायला बसले! शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मोडायचा नव्हता, मग भाजकच शोधायला हवा होता. हातानं कुलूप लावायचं आणि मग किल्लीसाठी घर धुंडाळायचं, त्यातली गत. विमलाबाईंना भागाकारातलं ओ की ठो कळत नसे. पण दर चतुर्थीला त्या गणपतीपुढे हात जोडत, "देवा, भाग जाऊ दे."

सुरुवातीला पाटी पुसायला मास्तर सारखं पाणी मागत. मग एकदा पेन्शनच्या कामाला म्हणून नागपूरला जाऊन आले आणि त्यांचा जोरच ओसरला. पाटी मांडीवर असे, पण पाण्याचा गडू भरलेला तसाच. गुलाबचं नाव काढलं तरी पूर्वीसारखे चिडत नसत. म्हातारा थकला, असं विमलाबाईंना वाटे. रागही येई. ह्याला पोरीपेक्षा आकडा मोठा झाला!

पोळ्याला भाचा ओमप्रकाश आला. त्याच्या नागपूरच्या कॉलेजात नवा कॉम्प्युटर बसला होता. विमलाबाईंनी हळूच त्याला अकरा एक सांगून ठेवले. दिवाळीला तो हसतच घरात शिरला.

"मामी, भाग जाते! एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं. बाकी शून्य."

आकडा विसरू नये म्हणून तो पुटपुटतच विमलाबाई ओसरीवर आल्या. आनंदानं त्यांना रडू आवरत नव्हतं.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास! उठा आता. पोरीले घेऊन या."

मास्तरांनी पाटी खाली ठेवली.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली."

"मंग आणाले काऊन नाई गेले? बाप हाय का कसाई तुमी?"

"गेलतो ना, विमले. पेन्शनचं सांगून भिलाईले गेलतो." मास्तरांनी पाटी पालथी घातली. "मी पोचलो तवा प्रेमदास तिले माती देऊन घरी वापस येऊन राह्यलता."